किडीचें नांव व पंचनाम्याचा रकाना

पिकावर कीड पडली म्हणजे “अळी पडली” एवढें म्हणून आपण थांबतों, व पंचनाम्यांतही तेवढेंच लिहिलें जातें. महसुली कारकुनी करीत असतां नुकसानीच्या कारणाच्या रकान्यांत आम्हीं स्वतः वर्षानुवर्षें ‘कीड’ हा एकच शब्द उतरविला. कीड कोणती, ती कोणत्या महिन्यांत व पिकाच्या कोणत्या भागावर पडली, हें कधीं विचारलें नाहीं. त्या नोंदींचा पुढें कोणासही उपयोग झाला नाहीं, ही खंत आहे.

याच्या उलट उदाहरण याच देशांत घडलें आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमनें १८८९ सालीं ‘इंडियन म्यूझियम नोट्स’ हें नियतकालिक सुरू केलें. तें सरकारच्या महसूल व शेतकी खात्याच्या संमतीनें निघे, व त्याचा भर या देशांतील पिकांच्या किडींवर असे. जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिकारी व मळेवाले किडे पाठवीत. म्यूझियममध्यें ते ओळखले जात आणि किड्याचें नांव, ठिकाण, पीक व नुकसानीचा प्रकार छापला जाई. परदेशच्या ग्रंथांवरून आपल्या शेतांतील किडा ओळखतां येतोच असें नाहीं, म्हणून अशा देशी नोंदींचें मोल मोठें. पुढें १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें शेतकी संशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९३९ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ एंटोमॉलॉजी’ हें नियतकालिक निघूं लागलें.

नांवाचें महत्त्व २०१८ सालीं दिसून आलें. ज्वारीवरील लष्करी अळी आपल्या जुन्या ओळखीची. परंतु त्या वर्षीं कर्नाटकांत मक्यावर जी आढळली, ती अमेरिकेंतून आलेली निराळी जात. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण व शेपटीच्या अलीकडे चौकोनांत चार काळे ठिपके असतात. पंचनाम्यांत नुसतें ‘लष्करी अळी’ लिहिलें, तर ही कीड गांवांत केव्हां शिरली हें कधींच कळणार नाहीं.

यास्तव शेतकरी बंधूंस आमची विनंति आहे. अनोळखी अळी दिसतांच दोन-चार अळ्या स्पिरिटांत ठेवाव्या. कांहीं जिवंत अळ्या, खालीं ओलसर माती घालून, त्याच पिकाच्या ताज्या पानांसह निरनिराळ्या डब्यांत ठेवाव्या व वर पातळ फडकें बांधावें. एका डब्यांत एकच अळी असावी, कारण कित्येक अळ्या एकमेकींस खातात. पतंग बाहेर पडल्यावर जातीची ओळख अधिक खात्रीनें पटते. सोबत गांव, तारीख, पीक व खाल्लेला भाग लिहून सर्व कृषि विज्ञान केंद्रांत द्यावें. पंचनाम्याचे वेळीं तेथून कळलेलें नांव रकान्यांत लिहिण्याचा आग्रह धरावा. आमच्या हातून जें राहिलें, तें आपल्या हातून राहूं नये.