एक खेळ, तीन खाती : वर्गणीचा हिशेब कसा ठेवावा?

धर्माबादच्या मिरची बाजारात आडत्याच्या वहीत प्रत्येक शेतकऱ्याचे खाते वेगळे असते. पोती किती आली, उचल किती दिली, पट्टी केव्हा झाली, हे सारे त्यात सापडते. परंतु त्याच घरातील मुलाच्या मोबाईलवर एका ऑनलाईन खेळाची दोन-तीन खाती चालू असतील, तर त्यांच्यावर दरमहा किती पैसे जातात याची नोंद सहसा कोणाकडेच नसते.

एका खेळाला तीन खाती कशासाठी, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडेल. आइसलँडमधील कंपनीने २००३ साली सुरू केलेला 'ईव्ह ऑनलाईन' हा खेळ घ्या. त्यात एका खात्याने खाणकाम करायचे, दुसऱ्याने मालाची वाहतूक आणि तिसऱ्याने पहारा, अशी विभागणी खेळाडू करतात. मे २०२२ मध्ये या खेळाची मासिक वर्गणी १४.९९ वरून १९.९९ डॉलर झाली. एका खात्याला ही वाढ ५ डॉलरची दिसते. तीन खात्यांवर ती वर्षाला १८० डॉलर होते आणि एकूण वर्गणी सुमारे ७२० डॉलरवर जाते.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. समजा, दुकानात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने महिना ३०० रुपयांची तीन खाती घेतली. महिन्याचे ९०० रुपये जाणवत नाहीत. वर्षाचे १०,८०० रुपये मात्र जाणवतात. म्हणून हिशेब नेहमी वर्षाचा मांडावा.

खेळातील नाणी कमावून त्यातूनच वर्गणी भागवण्याची सोय काही खेळांत आहे. पण त्यासाठी रोज किती तास द्यावे लागतात, तेही खर्चाच्या बाजूला लिहावे. केवळ वर्गणी फेडण्यासाठी खेळावे लागत असेल, तर ती करमणूक राहिली नाही.

व्यवस्था सोपी आहे. एका वहीत प्रत्येक खात्यासाठी एक ओळ ठेवावी : खात्याचे नाव, ई-मेल, रक्कम, नूतनीकरणाची तारीख आणि पैसे कोणत्या बँकखात्यातून जातात. पासवर्ड मात्र वहीत लिहू नये. सर्व वर्गण्या एकाच बँकखात्यातून द्याव्यात व त्यात बेताचीच रक्कम ठेवावी. घरखर्चाचे खाते याला जोडू नये.

खेळ मोबाईलवरून काढून टाकला म्हणजे वर्गणी बंद झाली, हा समज चुकीचा आहे. प्ले स्टोअरमधील सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन ती रद्द करावी लागते. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' खाली दिलेल्या परवानग्याही तपासाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप होणारी वजावट करण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. तो संदेश न वाचता पुसू नये. पैसे वाचवण्याची संधी तेवढीच असते.

आणखी एक धोका ध्यानात घ्यावा. भरलेल्या पैशांनी खाते आपल्या मालकीचे होत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाईल'वर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वर सरकारने बंदी घातली, तेव्हा अनेकांनी त्यांत घातलेला पैसा अडकला. दुसऱ्याकडून विकत घेतलेले खाते तर कंपनी केव्हाही बंद करू शकते, कारण बहुतेक कंपन्यांच्या अटींत अशा विक्रीला मनाई असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना मनाई केली. करमणुकीच्या खेळाची वर्गणी त्यात मोडत नाही. म्हणजे येथे कायदा आड येणार नाही. आवर आपणच घालायचा आहे.

महिन्याच्या पहिल्या तारखेला वही उघडावी आणि मागील तीस दिवसांत ज्या खात्यात प्रवेशच केला नाही, ते त्याच दिवशी रद्द करावे. भरलेली मुदत संपेपर्यंत ते बहुधा चालूच राहते. बाजारात न चालणारा गाळा कोणी भाड्याने धरून ठेवत नाही. मग न खेळलेल्या खात्याचे भाडे का भरावे?