ग्लास नको, टाकी मोजा! क्राफ्ट ब्रुअरीत शिकलेलं धंद्याचं गणित



"सर, मायक्रोब्रुअरी टाकली तर? एका ग्लासमागे मार्जिन केवढं!" ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. काही जण तर जमीन विकून उतरायला तयार असतात. म्हणून पुण्यातल्या एका क्राफ्ट ब्रुअरीत जाऊन आलो. आधी बघितलं, मग चाखलं, मग वहीत आकडे मांडले. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं. आणि चव घ्यायची तर गाडी घरी ठेवा. मी रिक्षाने गेलो.)

पुण्यात ही लाट आणली २००९ साली 'डूलाली'ने. हा इंग्रजी शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून! तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून गोरे सोल्जर सटकायचे, म्हणून 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. वाट बघणं. हा शब्द लक्षात ठेवा, सगळा धंदा तिथेच आहे.

आत काय चालतं?

आपण मटकीला मोड आणतो, तसे सातूला मोड आणून वाळवले की झालं माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंश गरम पाण्यात तासभर ठेवतात. गोड पाणी निघतं. त्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, घालून उकळतात. मग थंड करून यीस्ट टाकतात. माल्ट भरडण्यापासून इथपर्यंतचं काम एका दिवसाचं. उरलेला चोथा लगेच गोठ्यात पाठवावा लागतो, नाहीतर आंबून वास सुटतो.

आणि मग? टाकी बंद, आणि वाट बघा.

चव

छोट्या ग्लासांत चार प्रकार समोर आले, हलक्यापासून कडक चवीपर्यंत. हेफेवायझेन ही गव्हाची बिअर. तिला केळं-लवंगेचा वास येतो, पण यातलं काहीच घातलेलं नसतं, ती यीस्टची करामत! विटबियरमध्ये मात्र खरंच धणे आणि संत्र्याची साल असते. आयपीए कडू, हॉप्समुळे. शेवटी काळी स्टाउट. भाजलेल्या धान्यामुळे थेट कॉफीची आठवण येते.

यात विक्रीची एक युक्ती दिसली का? नवा ग्राहक मोठा ग्लास मागवायला घाबरतो. छोटे चार ग्लास दिले की त्याची भीती जाते आणि आवड त्याची त्यालाच सापडते. लोणचं, मसाला, अत्तर, काहीही विकत असाल तर हे करून बघा.

आता खरं गणित

मला चार ग्लासांत लागर दिसली नाही. विचारल्यावर कळलं की कारण चवीचं नाही, टाकीचं आहे. एल प्रकारची बिअर साधारण दोन आठवड्यांत तयार होते. लागर थंडीत हळूहळू मुरते, तिला महिना किंवा जास्तच लागतो.

समजा टाकी १,००० लिटरची आहे. महिन्यात एलचे दोन घाणे, म्हणजे २,००० लिटर. लागरचा एकच, १,००० लिटर. भाव सारखाच ठेवला तर लागरची विक्री निम्मी. भाडं, वीज, बँकेचा हप्ता मात्र तोच! ड्राय डेला नळ बंद, पण हप्ता चालूच. शिवाय ही बिअर ताजी असते. थंड ठेवावी लागते आणि वेळेत संपवावी लागते.

म्हणून 'ब्रुअरी टाकू का?' याचं उत्तर ग्लासच्या मार्जिनमध्ये नाही. टाक्या किती, महिन्यात किती वेळा भरतील आणि मंगळवारी-बुधवारी गिऱ्हाईक येईल का, हे आधी कागदावर मांडा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याचा खर्च आणि लागणारा वेळही धरा. एवढं मांडल्याशिवाय जमिनीच्या सातबाऱ्याला हात लावायचा नाही!

तुमची टाकी कोणती?

प्रत्येक धंद्यात अशी एक जागा असते, जिथे सगळं अडतं. माझ्या दुकानात ओव्हन एकच आहे. एक केक होतो तेवढ्या वेळात नानकटाईचे दोन ट्रे निघतात. म्हणून केकचा भाव ठरवताना मी मैदा-लोण्याबरोबर ओव्हनची मिनिटंही धरतो. शिवणकाम करणाऱ्या ताईंसाठी ती जागा म्हणजे मशीन, पार्लरवालीसाठी खुर्ची, गॅरेजवाल्यासाठी रॅम्प.

आजचा गृहपाठ: वहीत तुमची 'टाकी' लिहा. प्रत्येक माल किंवा काम तिला किती वेळ अडवतं ते लिहा. मग नफ्याला त्या वेळाने भागा. सगळ्यात जास्त विकला जाणारा माल कदाचित यादीत खाली जाईल. पुढच्या महिन्याचा भाव ठरवण्याआधी ही यादी एकदा बघाच.