खराब रस्त्याला दोन उत्तरं

1908 साली फोर्डची मॉडेल टी आली, तेव्हा अमेरिकेत शहराची वेस ओलांडली की बहुधा घोडागाड्यांच्या चाकोऱ्याच लागत. चिखल, दगड, ओहोळ. तिथे निभाव लागावा म्हणून गाडी उंच, हलकी आणि लवचीक केली होती. पोलादात व्हॅनेडियम मिसळलं होतं, त्यामुळे बारीक भागांनाही बळ आलं. पाटे दोनच, पुढे एक आणि मागे एक, तेही आडवे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असलं, तरी आस हवा तसा तिरपा होई.

आणि साधेपणा तरी किती! पेट्रोलला पंपच नाही. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर तिच्याहून खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनानेच उतरायचं. टाकी रिकामी होत आली असताना खडा चढ लागला, की कार्ब्युरेटर वर जाई आणि इंजिन बंद पडे. मग लोक गाडी फिरवत आणि चक्क रिव्हर्समध्ये चढ चढत!

ऑक्टोबर 1955. पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सिट्रोएनची डीएस उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी सुमारे 12,000 गाड्यांची मागणी नोंदली गेली. हिला पाटेच नव्हते. प्रत्येक चाकापाशी एक पोलादी गोळा, त्यात एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल, मध्ये रबरी पडदा. चाक उसळलं की तेल वायूला दाबतं, वायू त्याला परत ढकलतो. गाडीत माणसं बसून ती खचली, तर झडप उघडते, पंप तेल पाठवतो आणि गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येते. ब्रेक, स्टिअरिंग, गिअर, सगळं त्याच दाबावर! ही रचना पॉल माजेस यांची. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवीही नव्हती.

ऑगस्ट 1962 मध्ये पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटले, तरी चालकाने गाडी सावरून बाहेर काढली आणि द गॉल वाचले.

मॉडेल टी शेतकरी पाना घेऊन अंगणात दुरुस्त करी. डीएसची एक नळी गळली तरी तिचे हातपाय गळतात. रोजच्या उपयोगाला मी टीच निवडेन. पण अचंबा वाटतो तो डीएसचा. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती दिसली, तर मालकाला इंजिन सुरू करायची विनंती नक्की करा. जमिनीलगत बसलेली गाडी हलकेच उठून उभी राहते, ते डोळ्यांनी पाहायलाच हवं.