प्रोजेक्टर उलटा केला की कॅमेरा!



दहावीच्या विज्ञानात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा पाठ आहे. कॅमेरा आणि प्रोजेक्टर आपण फळ्यावर किरणाकृती काढून शिकवतो, मुलं त्या पाठही करतात. पण ही दोन यंत्रं म्हणजे एकाच यंत्राची सुलट-उलट रूपं आहेत, हे आकृतीवरून चटकन ध्यानात येत नाही. ते ओळखून कामाला लागलेल्या माणसांच्या दोन गोष्टी बघू. एक जर्मनीची, दुसरी आपल्या कोल्हापूरची. दोन्ही जवळपास एकाच काळातल्या.

जर्मनीतल्या वेट्झलर गावी एर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तिथले कारागीर ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म साध्या फोटोसाठी वापरायचं ठरवलं. सिनेमाचं चित्र १८ × २४ मिलिमीटरचं. त्यांनी दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली, म्हणजे २४ × ३६. १९१४ पर्यंत नमुना तयार झाला, पण महायुद्ध आडवं आलं. अखेर १९२५ मध्ये हा छोटा कॅमेरा बाजारात आला. लाइट्झचा कॅमेरा म्हणून नाव ‘लायका’. पुढे याच कंपनीने स्लाइड प्रोजेक्टरही बनवले. ज्या मापाचा फोटो, त्याच मापाची स्लाइड!

आता कोल्हापूर. आनंदराव आणि बाबुराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. पण कॅमेरा आणायचा कुठून? आनंदरावांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याची रचना समजून घेत कॅमेरा बनवायला घेतला.

प्रोजेक्टरच का? त्यात फिल्म सलग सरकत नाही. एक चित्र भिंगासमोर क्षणभर थांबतं, झडप उघडते, मिटते, मग पुढचं चित्र येतं. कॅमेऱ्यातही हेच घडतं. फरक प्रकाशाच्या दिशेचा. प्रोजेक्टरमध्ये दिवा मागे असतो आणि प्रकाश भिंगातून बाहेर जातो. कॅमेऱ्यात प्रकाश बाहेरून आत येतो, म्हणून पेटीला बाकी कुठेही फट चालत नाही.

१९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट राहिलं. बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला.

लायकाच्या मागे भिंगं घासणारा जुना कारखाना होता, म्हणून ती जगभर विकली गेली. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचा कारखाना झाला नाही. मग तो प्रयत्न वाया गेला का? बाबुरावांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले. त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली. तिथेच दामले-फत्तेलाल जोडीने ‘संत तुकाराम’ घडवला. कॅमेरा एकच झाला, माणसं कितीतरी घडली.

हे वर्गात असं करून बघा. खोलीत अंधार करा, एकच खिडकी उघडी ठेवा. समोर बहिर्वक्र भिंग आणि त्यामागे पांढरा कागद धरून पुढे-मागे करा. जुन्नरच्या एखाद्या खिडकीतून शिवनेरी दिसत असेल, तर कागदावर उलटा शिवनेरी उमटेल. हा झाला कॅमेरा. भिंग आणि कागदातलं अंतर मोजा, ते साधारण नाभीय अंतर. मग खिडकी लावून घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकवर स्केचपेनने चित्र काढा, मागून टॉर्च लावा आणि भिंग नाभीय अंतराहून किंचित लांब धरा. भिंतीवर मोठं, उलटं चित्र दिसेल. हा प्रोजेक्टर. चित्र सुलट कसं करायचं, ते मुलांनाच शोधू द्या. फक्त भिंगातून सूर्याकडे कुणी बघणार नाही, एवढं सांभाळा.

आणि पालकहो, घरातलं बंद पडलेलं यंत्र भंगारात देण्याआधी त्यात वीज किंवा सेल नाही याची खात्री करा आणि मुलांसोबत बसून एकदा उघडून बघा. पुन्हा जोडता आलं नाही तरी चालेल. आत काय फिरतं आणि कशामुळे फिरतं, हे त्यांना तुम्हाला सांगता आलं, तर पाठ शिकून झाला.