वर्ध्याची थंडी आणि हीटरचं बिल

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलाच गारठा पडतो. मग हीटर निघतो किंवा शेगडी पेटते. त्याआधी हे वाचा 👇

🔥 बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो. याच वर्ध्यात मगनवाडीत धूर बाहेर काढणारी 'मगन चूल' तयार झाली होती!

⚡ २००० वॅटचा हीटर सलग तासभर चालला की २ युनिट जळतात. रात्रभर लावला तर हिशेब तुम्हीच करा. एक्स्टेन्शन बोर्डवर तर नकोच, वायर तापते.

☀️ हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. दिवसा त्या बाजूच्या खिडक्या उघडा, ऊन आत येऊ द्या. सूर्य मावळण्याआधी खिडक्या बंद करून जाड पडदे ओढा. दाराखालच्या फटीला जुन्या कापडाची गुंडाळी लावा.

🏠 सेवाग्रामची बापू कुटी पाहिलीय ना? जाड मातीच्या भिंती दिवसाची ऊब धरून ठेवतात आणि रात्री हळूहळू सोडतात.

खोली तापवण्यापेक्षा अंथरूण उबदार करणं स्वस्त. तुमच्या घरी काय करता? कमेंटमध्ये सांगा.