वैमानिक व्हायचे आहे? आधी तपासणी, मग पैसा

दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या अनेक मुलामुलींच्या मनात वैमानिक होण्याचे स्वप्न असते. १९२९ साली जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा उड्डाण हा मोजक्या श्रीमंतांचा छंद होता. आज मध्यमवर्गीय घरांतील मुलेही या व्यवसायात दिसतात; मात्र त्यासाठी अनेकदा कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी पणाला लागते. म्हणूनच या वाटेवरील पायऱ्या कोणत्या क्रमाने चढाव्यात, हे येथे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पहिली पायरी शिक्षणाची. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय घ्यावेत. अन्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येतात. इंग्रजीवर प्रभुत्वही हवे, कारण नियंत्रण कक्षाशी होणारे संभाषण प्रामुख्याने त्याच भाषेत चालते.

दुसरी पायरी वैद्यकीय तपासणीची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून प्रथम ‘क्लास टू’ व नंतर ‘क्लास वन’ तपासणी करून घ्यावी लागते. चष्मा असला म्हणजे दार बंद झाले, असे नाही. परंतु रंग ओळखण्यातील दोष, हृदयाचे वा कानाचे विकार अडसर ठरू शकतात. काही पालक आधी शुल्क भरतात आणि तपासणी मागाहून करतात. हा क्रम उलटा आहे. ‘क्लास वन’चा दाखला हाती येईपर्यंत जमीन विकू नये, कर्जही काढू नये.

तिसरी पायरी प्रशिक्षणाची. व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. दिशानियमन, हवामानशास्त्र, हवाई नियम व तांत्रिक विषय यांच्या परीक्षांत ७० टक्के गुण मिळवावे लागतात. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते. महाराष्ट्रात गोंदिया व बारामती येथेही प्रशिक्षण मिळते. खर्च साधारणतः चाळीस ते पन्नास लाखांच्या घरात जातो. प्रवेशापूर्वी संस्थेत प्रत्यक्ष जावे. किती विमाने उडत्या स्थितीत आहेत, प्रशिक्षक किती आहेत आणि मागील तुकडीला २०० तास पूर्ण करण्यास किती महिने लागले, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, असे मात्र नव्हे. एअरबस ३२० वा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते व त्याचा खर्चही काही लाखांचा असतो. विमान कंपन्यांचे भवितव्यही अस्थिर असते. २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट एअरवेज आणि २०२३ साली गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकांवरही नवी नोकरी शोधण्याची वेळ आली. नोकरी लागण्यास वर्ष-दोन वर्षे विलंब झाला, तर हप्ते कोण भरणार, याचा हिशेब घरात सर्वांनी मिळून आधीच करावा.

यास्तव मुलांनी बाहेरून का होईना, एखादी पदवी अवश्य पूर्ण करावी. पालकांनीही मुलांच्या स्वप्नाला घाईने नकार देऊ नये. तपासणीचा खर्च प्रशिक्षणाच्या तुलनेत अगदीच अल्प आहे. पहिले पाऊल तेथेच टाकावे. पुढचा निर्णय त्या दाखल्यानंतर घ्यावा.