पालकांचे अपंगत्व आणि परिचारिकेचे बाल अत्याचारविषयक कर्तव्य

अमेरिकेत १९७४ साली बाल अत्याचार प्रतिबंध व उपचार कायदा संमत झाला. संघीय अनुदान हवे असल्यास अत्याचाराची माहिती सक्तीने कळविण्याची तरतूद राज्यांनी केली पाहिजे, अशी त्याची रचना आहे. ज्यांच्यावर ही सक्ती आहे त्यांत परिचारिका येते. पुरावा गोळा करणे हे तिचे काम नव्हे; वाजवी संशय पुरेसा मानला जातो. माहिती दडविल्यास शिक्षा होऊ शकते, सद्हेतूने कळविल्यास मात्र कायद्याचे संरक्षण मिळते. साहजिकच द्विधा मनःस्थितीत तिचा कल कळविण्याकडे राहतो. एरवी हे इष्टच होय. परंतु पालक अपंग असतात तेव्हा संशयाचे कारण त्यांची कृती आहे की त्यांचे अपंगत्व, हा प्रश्न उभा राहतो.

मिसुरी राज्यात २०१० साली एका दृष्टिहीन दांपत्याच्या वाट्याला हा प्रसंग आला. स्तनपानाच्या वेळी अर्भकाचा श्वास क्षणभर अडला. नवमातांच्या बाबतीत ही अडचण अपरिचित नाही. बाळाला योग्य रीतीने धरण्यास शिकविणे हा त्यावरील उपाय. प्रत्यक्षात रुग्णालयातून बालकल्याण यंत्रणेकडे माहिती गेली आणि दोन दिवसांचे ते बाळ आईवडिलांपासून दूर नेण्यात आले. ते परत मिळण्यास ५७ दिवस लागले. छळाचा आरोप कोणीही केलेला नव्हता.

येथे परिचारिकेच्या नोंदवहीतील भाषा निर्णायक ठरते. ‘माता अंध आहे’ ही नोंद वैद्यकीय माहिती होय, संशयाचा आधार नव्हे. ‘अर्भकाचे वजन सतत घटत आहे, दूध पाजण्याच्या वेळा सांगूनही पाळल्या जात नाहीत’ ही नोंद मात्र आधार ठरू शकते, मग माता अपंग असो वा नसो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मातेचे मूल खरोखर उपाशी राहत असेल, तर सहानुभूतीपोटी गप्प राहणे हाही कर्तव्यभंगच. तथापि तिला समजेल अशा रीतीने, करून दाखवून शिकविले होते का, हे आधी तपासावयास हवे. कर्णबधिर मातेला बाळाच्या रडण्याची सूचना प्रकाशाने वा कंपनाने देणारी साधने मिळतात. तिच्याशी बोलताना नातेवाइकाऐवजी सांकेतिक भाषेचा दुभाषी असणे आवश्यक आहे, कारण कधीकधी तो नातेवाईकच संशयित असतो.

अमेरिकेच्या आरोग्य व न्याय खात्यांनी २०१५ साली बालकल्याण यंत्रणांना संयुक्त मार्गदर्शन केले. प्रत्येक पालकाचे मूल्यमापन व्यक्तिशः व्हावे, रूढ समजुतींवरून नव्हे, हे त्याचे सूत्र होते. २०२४ साली आरोग्य खात्याने याविषयी नियमही प्रसिद्ध केले.

भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अपराधाची माहिती कळविणे सर्वांवर बंधनकारक केले. परिचारिकाही त्यात आलीच. पालकाच्या वा अपत्याच्या अपंगत्वावरून त्यांची ताटातूट होऊ नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचे २३ वे कलम सांगते आणि भारताने २००७ साली त्यास मान्यता दिली. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ९ वे कलम केवळ दिव्यांग बालकाला हे संरक्षण देते. दिव्यांग पालकाच्या अपत्याविषयी ते मौन बाळगते.